वासुदेवरावांचे दोन थेंब

रायपूरच्या गुढियारी मोहल्ल्यात वासुदेव हटवार कुठे राहतात असं विचारलंत तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. 'सुईवाले भैया' म्हणा, पानठेल्यावरचा माणूस तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. चौतीस वर्षं या माणसानं रायपूरच्या रेल्वे दवाखान्यात लोकांची बोटं टोचली. बाप नत्थू हटवार भंडाऱ्याकडच्या पवनीहून रेल्वेत फिटर म्हणून आला आणि इथेच राहिला. पोरगा जरा शिकला, म्हणून त्याच्या हातात पाना नाही, काचपट्टी आली.

लॅबमध्ये त्यांना घडवलं ते यशवंतराव नावाच्या एका खडूस म्हाताऱ्यानं. त्याचा एकच कायदा होता, 'कच्चा निकाल कागदावर चढवायचा नाही.' शंका आली तर परत करा. दोन तपासण्या जुळल्या नाहीत तर जुळेपर्यंत करा, डबा खायचा राहिला तरी करा, आणि जे शेवटी पक्कं निघेल तेवढंच रजिस्टरात लिहा. वासुदेवरावांनी हा कायदा असा अंगी मुरवला की चौतीस वर्षांच्या रजिस्टरांत एक खाडाखोड दाखवा म्हणून ते पैज लावायचे. लावा की! चांगल्या कामाचा माज असावा माणसाला. पुढे हाच कायदा त्यांच्या गळ्याशी येणार होता, हे त्यांना काय ठाऊक.

आता सिकलिनचं सांगायला हवं. या भागात सिकलसेलला लोक सिकलिन म्हणतात. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, पोर हातपाय दुखतात म्हणून रात्रंदिवस रडतं, डोळे पिवळे पडतात, अंगात रक्त म्हणून टिकत नाही. छत्तीसगडात आहे, विदर्भात आहे, आणि वासुदेवरावांच्या घरातही होती. त्यांच्या बहिणीची पोट्टी पवनीला नवव्या वर्षी गेली. चार वर्षं तिला वाताची औषधं चालली होती. मामा रेल्वेत रक्त तपासत होता आणि भाचीचं रक्त कोणी एकदा काचेवर घेतलं नाही, हे शल्य त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण निवृत्त झाल्यावरही ते घरी सूक्ष्मदर्शक मांडून बसायचे. गावोगावच्या मितानिनी, म्हणजे तिकडच्या आरोग्यसेविका, त्यांच्याकडे रक्ताच्या काचा आणायच्या. काचेच्या कडा बंद करायला नेलपॉलिश लागतं. साठीचा माणूस गोलबाजारात जाऊन लाल नेलपॉलिशच्या चार बाटल्या मागायचा आणि दुकानदार डोळा मारायचा, "भैया, भाभी के लिए?" मीनाक्षीबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "माह्यासाठी एक तरी आणा न कधी!"

अशात एक दिवस शार्दूल आला. रायपूर राजधानी झाल्यावर मंत्रालयात नोकरीला आलेल्या एका मराठी अधिकाऱ्याचा हा मुलगा. पुण्यात इंजिनियर झाला आणि शंकर नगरात एका बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं घेऊन त्यानं कंपनी काढली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. त्यानं टिफिनएवढं एक यंत्र बनवलं होतं आणि नाव ठेवलं होतं 'निदानी'. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा, पट्टी यंत्रात सरकवायची, दहा मिनिटांत दिवा लागतो. लाल म्हणजे सिकलिन, हिरवा म्हणजे नाही.

"अंकल, दिल्ली से ग्रांट मिला है," शार्दूल म्हणाला. "पहला स्टेज. छोटी कंपनियों के लिए स्कीम है."

स्कीम अशी होती की कोणाच्या डोक्यात नवी कल्पना असेल तर सरकार तिला आधी थोडा आधार देणार. वर्षभरात दाखवा, चालते का. चालली तर दुसरा टप्पा, त्यात यंत्रं बनवा, गावात न्या. चांगलीच स्कीम आहे, मी नाही म्हणत नाही. तर तीनशे लोकांचं रक्त यंत्रानंही तपासायचं आणि काचेवरही, आणि दोन्ही निकाल शेजारी-शेजारी लिहायचे, एवढं काम होतं. काच वाचणारा पक्का माणूस हवा होता.

वासुदेवरावांनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "म्हंजे पोट्ट्याले दवाखान्यात आणाचंच नाही? गावातच समजन?"

"हाँ अंकल. गाँव में ही."

"मंग मी येतो," म्हातारा म्हणाला. पगार किती ते विचारायचंही भान राहिलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

वर्षभर वासुदेवराव आरंग आणि अभनपूरच्या गावांत फिरले. सोबत रमशीला नावाची मितानिन असायची, पन्नाशीची, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघ. ती लेकरं गोळा करायची, हे थेंब घ्यायचे. यंत्र बहुतेक वेळा बरोबर बोलायचं. कधीकधी मात्र काचेवर पेशी विळ्यासारख्या वाकड्या दिसायच्या आणि यंत्र खुशाल हिरवा दिवा लावून बसायचं. मग वासुदेवराव काय करायचे? जे चौतीस वर्षं केलं तेच. थेंब नीट पडला नसेल, म्हणायचे, आणि दुसरी पट्टी घ्यायचे. पोर पांढरंफटक असेल तर रक्त पातळ, म्हणून एकाऐवजी दोन थेंब टाकायचे. दिवा लाल लागायचा. काच आणि यंत्र जुळलं! मग 'मशीन' या रकान्यात लाल आणि 'काच' या रकान्यात लाल, असं सुवाच्य अक्षरात लिहायचे. आधीचा हिरवा कच्चा होता, आणि कच्चा कागदावर चढवायचा नसतो.

पुढेपुढे तर त्यांना पट्टी वाया घालवायचीही गरज उरली नाही. पोराचे डोळे बघितले, नखं बघितली, की हात आपोआप दुसरा थेंब टाकायचा. ज्या हातानं लाखभर बोटं टोचलीत त्याला सांगावं लागत नाही. यात काही लपवाछपवी करतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट पोट्ट्याच्या यंत्राला आपण सांभाळून घेतो आहोत, असंच वाटायचं.

तीनशेपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव जुळले. शार्दूलनं शंकर नगरच्या ऑफिसात पेढे वाटले, वासुदेवरावांच्या पाया पडला. अहवाल दिल्लीला गेला, दिल्लीनं वाहवा केली. दुसऱ्या टप्प्याची बैठक ठरली. त्याआधी मितानिनींना यंत्र शिकवायचं म्हणून आरंगजवळच्या एका गावात शाळेच्या वर्गात शिबिर झालं, आणि तिथे सगळं फुटलं.

रमशीलानं एका सात वर्षांच्या पोरीला पुढे बसवलं. ही पोरगी वासुदेवरावांच्या ओळखीची. तिची काच त्यांनी स्वतः पाहिली होती, चांगली पक्की सिकलिन. रमशीलानं बोट टोचलं, शिकवल्याप्रमाणे एक थेंब टाकला, पट्टी सरकवली. दहा मिनिटांनी हिरवा दिवा.

"हरियर," रमशीला म्हणाली आणि वहीत लिहायला लागली.

"थांब, थांब! परत कर," वासुदेवराव म्हणाले.

"काबर भैया?" का म्हणून, तिनं विचारलं. "एक लइका पाछू एके पट्टी मिलही कहे हें."

एका लेकराला एकच पट्टी. वासुदेवराव तिच्याकडे बघतच राहिले. या बाईला हिरवा कच्चा आहे हे कसं कळणार? तिच्याकडे काच नाही, सूक्ष्मदर्शक नाही. काच नसलेल्यांसाठीच तर हे यंत्र होतं. त्यांनी पोरीचं बोट पुन्हा धरलं, दोन थेंब टाकले, नवी पट्टी सरकवली. लाल.

शाळेच्या त्या बाकावर बसल्याबसल्या म्हाताऱ्याच्या सगळं ध्यानात आलं. यंत्र चुकत होतं ते पातळ रक्ताला. आणि रक्त पातळ कोणाचं? ज्याला आजार जास्त त्याचंच. म्हणजे यंत्र नेमकं त्याच पोरांना सोडून देत होतं ज्यांच्यासाठी ते बनवलं होतं. आणि तीनशे लोकांत ते पकडलं का गेलं नाही? कारण वासुदेव हटवार प्रत्येक वेळी त्याच्या मदतीला धावले होते.

संध्याकाळी तसेच शंकर नगरात गेले. शार्दूल ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"अंकल, कितनी बार रिपीट किया?"

"असतीन सत्तर-ऐंशी. न् दोन थेंबाचं तं मोजलंच नाही."

"आपने मुझे बताया क्यों नहीं?"

"तू विचारलं कुठं? मी तं बरोबर करून राहिलो होतो!"

पोरगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं खापर त्याच्यावर फोडाल. तो म्हणाला, अंकल, पट्टी सुधारता येईल, पण त्यासाठी दुसरा टप्पा मिळायला हवा. आत्ता हे बोललो तर तो मिळणार नाही. कंपनी बंद, अकरा जण घरी. एकदा मंजूर होऊ द्या, मग मी गुपचूप दुरुस्त करतो, तुमची शपथ.

"न् तवरोक यंत्रं गावात जातीन?"

वासुदेवराव उठले. "मी बैठकीत सांगतो," म्हणाले. "चूक माही हाय, मीच सांगतो."

घरी मीनाक्षीबाईनं दोन दिवस डोकं खाल्लं. "काहून सांगता? तुमचंच नाव खराब होईन. चौतीस वर्षं काहाडली, एक डाग नाही, आता ह्या वयात डाग लावून घेता?" त्यांनी जेवण अर्धं टाकलं आणि एवढंच म्हणाले, "पोट्टीचं नाव ठेवलंय का तू ध्यानात? माह्या बहिणीच्या?" बाईनं मग ताट उचललं.

बैठक नवा रायपूरला होती. तिथले रस्ते असे रुंद की माणूस एका कडेचा दुसऱ्या कडेच्या माणसाला हाक मारू शकत नाही, आणि हाक मारायला माणूसही नाही. काचेची मोठी इमारत, त्यात थंडगार खोली, दिल्लीहून आलेले तीन तज्ज्ञ. मधल्या मॅडम मोठ्या अदबीच्या. त्यांनी वासुदेवरावांना खुर्ची दिली, चहा दिला. शार्दूल खाली मान घालून बसला होता. वासुदेवरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. घरून पाठ करून आलेले ते सगळं एका दमात बोलले. पातळ रक्त, हिरवा दिवा, दुसरी पट्टी, दोन थेंब. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

"ये पहले वाले रिजल्ट कहाँ लिखे हैं?" मॅडमनी विचारलं.

"लिखे नहीं, मॅडम. कच्चा हम लिखते नहीं."

"मतलब कोई रिकॉर्ड नहीं है?"

"नहीं. लेकिन पट्टियाँ देखो न. तीनशे लोग थे, पट्टियाँ चारशे के ऊपर खर्च हुई."

तज्ज्ञांपैकी एक तरुण होता, त्यानं शार्दूलकडे पाहिलं. शार्दूल हळूच म्हणाला, काही पट्ट्या उन्हानं खराब झाल्या होत्या, काही शिकवण्यात गेल्या. ते खोटं नव्हतं. काही गेल्याही होत्या.

"यानी आपने डेटा बदला," तो तरुण वासुदेवरावांना म्हणाला.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी असं तोंडावर बोललं होतं. "बदला नहीं साहब! सुधारा!"

झालं. 'सुधारा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईनं तो तसाच संगणकावर उतरवून घेतला. रेल्वेच्या लॅबमध्ये सुधारणं म्हणजे खरं काय ते शोधून काढणं. त्या थंडगार खोलीत सुधारणं म्हणजे खोटं लिहिणं. हा फरक वासुदेवरावांना कोणी समजावून सांगितला नाही. मॅडम फक्त म्हणाल्या, "आपकी ईमानदारी की हम कद्र करते हैं," आणि घड्याळ पाहिलं. पहिला टप्पा दिल्लीनं 'यशस्वी' म्हणून केव्हाच बंद केला होता. तो परत उघडायचा तर वाहवा कोणी केली तेही विचारावं लागलं असतं. कोणाला हवी ती भानगड?

पंधरा दिवसांनी बैठकीचा कागद आला. शार्दूलनं स्वतः गुढियारीत आणून दिला, चहाही न घेता. वासुदेवरावांनी चष्मा लावून तीनदा वाचला. तंत्रज्ञाच्या तोंडी सांगण्याला नोंदींचा आधार मिळाला नाही. नोंदींप्रमाणे यंत्र समाधानकारक आहे. दुसरा टप्पा मंजूर करावा. मात्र तपासणाऱ्या माणसागणिक फरक पडू नये म्हणून वापराच्या सूचना कडक कराव्यात, प्रत्येक तपासणीला एकच थेंब आणि एकच पट्टी, कोणत्याही परिस्थितीत दुसरा थेंब टाकू नये.

"अरे, मी हे नाही म्हटलं होतं," वासुदेवराव म्हणाले. "मी तं उलटं म्हटलं होतं!"

"अंकल, मैं पट्टी पर काम कर रहा हूँ," शार्दूल म्हणाला. "एक साल दीजिए." जाताना तो पाया पडायला वाकला, पण वासुदेवरावांनी पाय मागे घेतले.

त्यांनी दिल्लीला तीन पत्रं लिहिली, मराठी वळणाच्या हिंदीत, कार्बन कागद घालून. एकाला उत्तर आलं की आपला विषय संबंधित कंपनीकडे आवश्यक कारवाईसाठी पाठवला आहे. ब्राह्मणपाऱ्यातल्या एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं, काका, केस केली तर पहिला आरोपी तुम्हीच, सही तुमची आहे. त्यानंतर ते घराबाहेर पडणं टाळू लागले. पानठेल्यावरून कोणी सुईवाले भैया म्हणून हाक मारली तर ओ देईनात. मितानिनींच्या काचा येणंही हळूहळू थांबलं, कारण गावात आता यंत्रं आली होती. शेवटी त्यांनीच रमशीलाला फोन लावला. सकाळचे अकरा वाजले होते, तिच्या मागे लेकरांचा गलका ऐकू येत होता.

"मशीन आ गिस भैया!" ती आनंदानं ओरडली. काल-आज मिळून सेहेचाळीस पोरं झाली होती, दोनच लाल निघाली. बाकी सगळी हरियर. गावात लोक खूश होते.

सेहेचाळिसात दोन! वासुदेवरावांनी त्या गावात वर्षभर काचा पाहिल्या होत्या. दोन कसे असतील? "रमशीला, ऐक," ते म्हणाले, "सुन मेरी बात. जो लइका पांढरा दिखे, आँख पीली दिखे, उसको दो बूँद डाल. समझी? दो."

"नइ भैया, दू बूँद मना हे. किताब मा मोटहा-मोटहा लिखे हे." यंत्रासोबत आलेल्या सूचनांच्या पुस्तकात ते ठळक छापलं होतं.

"किताब छोड! मी सांगून राहिलो न तुले! किताब गलत हे!"

पलीकडे तिला हसू आलं. भैया थट्टा करतात असंच तिला वाटलं.

"कइसे गलत होही? पहिली पन्ना मा तुंहरे नाव छपे हे. जाँच करइया, वासुदेव हटवार, चौंतीस साल के अनुभव. मँय सब्बो झन ला पढ़ के सुनाए हँव, तभे त मन मानिन, नइ त कोन अपन लइका ला मशीन मा देतिस?" पहिल्या पानावर तुमचंच नाव आहे, ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हणून तर लोकांनी लेकरं पुढे केली, असं ती सांगत होती.

मीनाक्षीबाई स्वयंपाकघरातून विचारत होती, कोणाचा फोन हाय, काय झालं.

"रमशीला," ते कसेबसे म्हणाले, "दो बूँद डाल, बाई. पाया पडतो तुह्या."

"अब तुहीं बतावव भैया," ती म्हणाली, "तुंहर बात ला मानँव कि तुंहर किताब ला?" आणि रांगेतल्या पुढच्या पोराचं बोट पुसायला तिनं फोन ठेवला.